मोटारींतील दिवे आणि घरांतील मंडळी

आमच्या घरांत आजमितीस अकरा माणसें आणि एक मोटार आहे. अकरांपैकीं मोटार हांकतां येणारीं तिघें; उरलेलीं आठ तींत केवळ बसणारीं. तीन वर्षांपूर्वीं पुतण्यानें ती दारीं आणिली, तेव्हां तिला हळदकुंकू वाहून, चाकांखालीं लिंबें ठेवून आणि नारळ फोडून आम्हीं तिचें यथासांग स्वागत केलें. आळींत पेढे वाटले. मात्र मोटारीबरोबर जें जाडजूड माहितीपुस्तक आलें होतें, तें कोणीं उघडून पाहिलें नाहीं. पुढच्या कप्प्यांत, विम्याच्या कागदांखालीं, तें वेष्टणासह पडून राहिलें. ‘आधीं धडा वाचा, मग उत्तर लिहा’ असें मुलांस बजावण्यांत ज्यांचा उभा जन्म गेला, त्या आम्हांसही तें उघडावेंसें वाटलें नाहीं, ही कबुली प्रारंभींच दिलेली बरी.

याचें कारण उघड आहे. मोटारीचें ज्ञान हें हांकणाराचें काम, बाकीच्यांनीं मागें बसून आपल्या गांवीं उतरावें, अशीच आपणां सर्वांची समजूत असते. पूर्वीं बैलगाडींत बसणारा निदान बैलांकडे पाहत असे. एखादा बैल लंगडूं लागला तर तें मागच्या मुलासही दिसत असे. मोटारींतील बैल झांकणाखालीं असतो. तो लंगडतो आहे हें कळविण्यासाठीं कारागिरांनीं फलकावर लहान लहान दिवे योजिले आहेत. ते दिवे वाचतां येणें हें केवळ चालकाचें काम नव्हे, तें सर्व घराचें काम आहे, हें गेल्या वैशाखांत आम्हांस शिकावें लागलें. तो प्रसंग सांगण्यासाठीं व त्यानंतर आम्हीं जें थोडेंबहुत शिकलों, तें वाचकांपुढें ठेवण्यासाठीं हा लेख.

आम्ही कळंबास श्रीचिंतामणीच्या दर्शनास गेलों होतों. कळंब हें यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें क्षेत्र. तेथील देव जमिनीच्या पातळीखालीं आहे. पायऱ्या उतरून गेलें कीं भर उन्हाळ्यांतही जिवास थंडावा वाटतो. बरोबर आमच्या मातोश्री होत्या, वय वर्षें ८८. आणि नात होती, वय वर्षें ८. पुतण्या मोटार हांकीत होता व त्याच्या शेजारीं आम्ही. परतावयास दुपारचा एक वाजला. वैशाखांतील दुपार वऱ्हाडांतल्या वाचकांस वर्णन करून सांगावयास नको. पारा ४४-४५ अंशांवर जाणें येथें नवलाचें नव्हे. वातानुकूलन, ज्याला घरांत सारे ‘एसी’ म्हणतात, तें पूर्ण जोरावर होतें. कांचा बंद होत्या. बाहेर रस्ता भट्टीसारखा पेटलेला आणि आंत आम्ही गारव्यांत पेंगत होतों.

इतक्यांत मागून नात वांकून म्हणाली, “आजोबा, तो लाल थर्मामीटर कसला हो?”

आम्हीं मास्तरी आवाजांत तिला सांगितलें, “गाडी चालूं असतांना मध्यें बोलूं नये. काकाचें लक्ष उडतें.”

काकाचें लक्ष त्या वेळीं फलकाच्या मध्यभागीं असलेल्या मोठ्या पडद्यावर होतें. वारा आणखी थंड करण्यासाठीं तो त्यावर बोट फिरवीत होता. नात गप्प बसली. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर झांकणाच्या फटींतून पांढरी वाफ येऊं लागली. तेव्हां कोठें आम्हीं एका कडुनिंबाजवळ थांबलों. पुतण्यानें इंजिन बंद करून किल्ली काढिली. आम्हीं दोघे खालीं उतरलों आणि आंतला गारवा जाऊं नये म्हणून दारें घट्ट लावून घेतलीं. पुतण्यानें सवयीनें किल्लीवरचें कुलपाचें बटणही दाबिलें. मग बॉनेट वर उचलून आम्हीं दोघे त्या वाफेंत डोकें घालून उभे राहिलों. पुतण्या हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरचें झांकण फिरविणार, तोंच समोरून येणारा एक ट्रक थांबला आणि त्याचा चालक उडी टाकून धांवत आला.

“थांबा नं जी! टोपन नका खोलू, तोंड भाजीन. अन् मांगं पाह्यलं का? पोरगी कवाची काच ठोकून रायली!”

बॉनेट वर असल्यामुळें आम्हांस मागचें कांहीं दिसत नव्हतें. जाऊन पाहतों तों नात रडकुंडीस येऊन दोन्ही मुठींनीं कांच ठोकीत होती. मातोश्रींची मान तिच्या खांद्यावर कलली होती, लुगडें घामानें भिजून गेलें होतें. किल्ली काढल्यामुळें कांचेचें बटण चालत नव्हतें. मागच्या दारांस मुलांसाठीं असलेली खिट्टी लावलेली होती, त्यामुळें तीं आंतून उघडत नव्हतीं. हें सारें अवघ्या दहा-बारा मिनिटांत घडलें. ट्रकचालकानें आपली पाण्याची कॅन आणून दिली. मातोश्रींस सावलींत निजवून, पदर ओला करून अंगावर घातला, वर्तमानपत्रानें वारा घातला. ग्लानि आली होती, परंतु शुद्ध होती. म्हणून मीठ-साखरेचें पाणी घोट-घोट पाजलें. अर्ध्या तासानें त्यांनीं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, “पोरीला पाणी दिलें का?” त्या ट्रकचालकाचें नांव विचारण्याचेंही आम्हांस सुचलें नाहीं.

रबरी नळी फाटून इंजिन थंड राखणारें पाणी गळून गेलें होतें, एवढाच मोटारीचा दोष. बाकीचे सर्व दोष आमचे. लाल दिवा एका आठ वर्षांच्या मुलीनें पाहिला, आणि घरांतील सर्वांत वडील पुरुषानें तिला गप्प बसविलें. तीच मुलगी पुन्हां कांच ठोकून सांगत होती, तेंही आम्हांस ऐकूं आलें नाहीं. त्या रात्रीं झोंप आली नाहीं. दुसरे दिवशीं तें माहितीपुस्तक वेष्टणांतून बाहेर काढिलें आणि रोज संध्याकाळीं अंगणांत, मोटारीभोवतीं खुर्च्या मांडून, सर्व घरानें तें वाचिलें. पुतण्यानें इंग्रजीचा अर्थ सांगावा, आम्हीं तो वहींत उतरावा, असा क्रम आठवडाभर चालला. पुढील मजकूर त्या वहींतला आहे. प्रत्येक मोटारीची मांडणी थोडी निराळी असते, म्हणून वाचकांनीं आपल्या मोटारीचें पुस्तक अवश्य पाहावें.

पहिला धडा दिव्यांचा. किल्ली फिरवितांच फलकावरचे बहुतेक इशाऱ्याचे दिवे एकदम लागतात. त्यांतले कांहीं क्षणभरानें व कांहीं इंजिन सुरू झाल्यावर विझतात. ही मोटारीची हजेरी होय. जो दिवा हजेरीस उभाच राहिला नाहीं, तो बिघडला आहे. प्रसंगीं तो इशारा देणार नाहीं. जो हजेरी झाल्यावरही खालीं बसला नाहीं, त्याला कांहीं सांगावयाचें आहे. दोन्ही प्रकारचे विद्यार्थी मास्तरांनीं ओळखावे.

दिव्यांच्या रंगांचें व्याकरण सोपें आहे. लाल म्हणजे पूर्णविराम. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे अर्धविराम. हिरवा आणि निळा ही केवळ माहिती. अमुक एक गोष्ट चालूं आहे, एवढेंच ते सांगतात. चालत्या मोटारींत लाल दिवा लागला तर, एखादा अपवाद सोडून, सुरक्षित जागा पाहून थांबावें. तेलाच्या झारीचें चित्र लाल झालें तर इंजिनाला पोंचणाऱ्या तेलाचा दाब गेला आहे. इंजिन तत्काळ बंद करावें, कारण तेलावांचून तें थोड्याच वेळांत आंतून घासून निकामी होतें. वर्तुळांतलें उद्गारचिन्ह म्हणजे ब्रेक. हातब्रेक ओढलेला राहिला असेल तर तो सोडतांच दिवा विझतो. तरीही न विझल्यास ब्रेकचें तेल उतरलें असण्याचा संभव आहे, आणि अशा मोटारीनें पुढें जाऊं नये. बॅटरीचें चित्र लाल झालें तर बॅटरी भरली जात नाहीं; एसी व इतर वीज खाणारीं साधनें बंद करून जवळच्या कारागिराकडे जावें, परंतु उष्णतेच्या दिव्यावर डोळा ठेवावा, कारण तुटलेल्या एकाच पट्ट्यावर कधीं कधीं पाण्याचा पंपही अवलंबून असतो.

पिवळ्या दिव्यांपैकीं इंजिनाच्या आकृतीचा दिवा स्थिर राहिला तर लवकर तपासणी करावी. उघडझांप करूं लागला तर वेग कमी करून थांबावें. घोड्याच्या नालासारख्या आकृतींत उद्गारचिन्ह असलें तर एखाद्या चाकांतली हवा उतरली आहे. हवा चाकें थंड असतांना मोजावी. तापलेल्या चाकांत दाब मुळांतच वाढलेला दिसतो आणि मोजणारा फसतो. ए-बी-एस हीं अक्षरें पिवळीं दिसलीं तर साधे ब्रेक चालतात, पण जोरानें दाबल्यास चाकें जखडूं न देण्याची सोय नाहींशी झालेली असते. ओल्या रस्त्यावर तें ध्यानांत ठेवावें. निळा दिवा म्हणजे पुढच्या दिव्यांचा झोत उंच आहे. पांढरकवड्याकडे, टिपेश्वरच्या अभयारण्याच्या बाजूस किंवा कोणत्याही शेतरस्त्यावर रात्रीं रोही व रानडुकरें आडवीं येतात, म्हणून मोकळ्या रस्त्यावर उंच झोत उपयोगी खरा. परंतु समोरून सायकल किंवा कापसाची बंडी येत असतां निळा दिवा जळत ठेवणें म्हणजे त्या गरिबाच्या डोळ्यांत धूळ फेंकणेंच होय. आमच्या मोटारींत उष्णतेचा कांटा नाहीं. त्या जागीं थर्मामीटरची आकृति आहे. ती इंजिन थंड असतां निळी दिसते व तें फार तापलें कीं लाल होते. नातीनें पाहिली ती हीच.

दुसरा धडा तापलेल्या इंजिनाचा. तो दिवा लाल दिसतांच एसी बंद करावा. असें कां, याचें उत्तर झांकणाखालीं आहे. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच जोरावर चालतो, आणि खोलींतली उष्णता बाहेर टाकणारी त्याची जाळी रेडिएटरच्या पुढ्यांत बसविलेली असते. म्हणजे आपला गारवा हा इंजिनाच्या तोंडावर फुंकलेला गरम वारा असतो. एसी बंद केल्यावर कांचा उघडाव्या. थांबावयास जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरावर ठेवावा. मे महिन्यांत हीटर लावणें हें वेडेपणाचें वाटेल, परंतु हीटर इंजिनाच्या पाण्याची उष्णताच घेऊन आंत सोडतो, त्यामुळें इंजिनाला तेवढा आराम पडतो. मग सावलींत थांबून इंजिन बंद करावें, प्रथम सर्व माणसांस बाहेर काढावें आणि निदान अर्धा तास रेडिएटरच्या झांकणास हात लावूं नये. तें पाणी दाबाखालीं असल्यामुळें १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाहीं. झांकण फिरवितांच दाब सुटतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर येते. त्या ट्रकचालकानें पुतण्याचे डोळे वांचविले, हें पुस्तक वाचल्यावर आम्हांस पुरतें कळलें.

तिसरा धडा गारव्याचा. माठांतलें पाणी थंड कां होतें, हें आपण शाळेंत शिकलों आहों: द्रव पदार्थाची वाफ होतांना ती भोंवतालची उष्णता शोषून घेते. एसीमध्यें हेंच घडतें, फक्त पाण्याऐवजीं एक विशेष द्रव असतो, आणि त्याची वाफ वायां न जातां ती पुन्हां दाबून द्रव केली जाते. आपल्याकडच्या वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मात्र निराळा. तो हवेंत ओलावा घालतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागते. एसी हवेंतला ओलावा काढून घेतो, म्हणून कांचा लावाव्या लागतात. उभ्या मोटारीखालीं जें पाणी ठिबकतें तें याच ओलाव्याचें, तें पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु त्या पाण्यास रंग, तेलकटपणा किंवा गोडसर वास असला तर तें इंजिनाचें पाणी किंवा तेल असावें. तेव्हां अवश्य तपासून घ्यावें.

उन्हांत उभी असलेली मोटार उघडल्यावर आंत बसून लगेच कांचा लावून एसी सुरू करणें ही चूक. आधीं दारें उघडून कोंडलेला गरम वारा जाऊं द्यावा. पहिलीं एक-दोन मिनिटें कांचा खालीं ठेवून, बाहेरची हवा घेणारें बटण लावून चालावें, आणि आंतली उष्णता गेली कीं मग कांचा लावाव्या. फलकावर मोटारीच्या आकृतींत गोल फिरणारा बाण असतो. तो लागला कीं आंतलीच हवा पुनःपुन्हां फिरते. तिनें गारवा लवकर येतो, ट्रकच्या धुरापासून व रस्त्याच्या धुळीपासून बचाव होतो. परंतु पांच माणसें त्याच हवेंत तासभर श्वास घेत राहिलीं तर कार्बन डाय-ऑक्साइड वाढत जातो, डोकें जड होतें, डुलकी येते. आणि ती मागच्यांपुरती राहिली तर ठीक, हांकणारासही येते. म्हणून मधून मधून कांहीं मिनिटें बाहेरची हवा घ्यावी. पावसाळ्यांत समोरची कांच आंतून धुकट होते, तेव्हां ती रुमालानें पुसण्याच्या फंदांत न पडतां एसी लावून, बाहेरच्या हवेचें बटण दाबून, वाऱ्याचा झोत कांचेकडे वळवावा; क्षणांत ती स्वच्छ होते. धुकें बाहेरच्या अंगास असेल तर वायपर फिरवावा व आंतला गारवा कमी करावा.

गारव्यासंबंधीं दोन निषेध मात्र कडक आहेत. पहिला, इंजिन व एसी सुरू ठेवून बंद मोटारींत झोंपूं नये. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं व वास नाहीं. कोंदट जागेंत उभ्या मोटारींत तो फटींतून शिरला तर झोंपलेल्या माणसास जाग येण्याची संधीही मिळत नाहीं. दुसरा, मूल, म्हातारें माणूस किंवा मुका जीव बंद मोटारींत ‘दोन मिनिटें’ म्हणूनही ठेवूं नये. २००५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, बाहेर २२ ते ३६ अंश उष्णता असतां बंद मोटारीच्या आंतली उष्णता तासाभरांत सरासरी २२ अंशांनीं वाढल्याचें आढळलें, आणि त्या वाढीचा सुमारें चार-पंचमांश भाग पहिल्या अर्ध्या तासांतच झाला. कांच बोटभर खालीं ठेवल्यानें फारसा फरक पडला नाहीं. आमच्याकडे प्रारंभच ४४ अंशांनीं होतो, हें लक्षांत घ्यावें. आमच्या मातोश्रींवर जो प्रसंग ओढवला, त्यांत आंतला गारवा जपण्याची आमची धडपडच कारण झाली.

म्हणून चौथा धडा आम्हीं मुद्दाम मुलांस व म्हाताऱ्यांस दिला, आणि तो पाठ करून घेतला. मागचें दार आंतून उघडत नसलें तर तें बाहेरून उघडतें; पुढचें दार मात्र आंतून उघडतें, कांहीं मोटारींत कडी दोनदां ओढावी लागते. म्हणून अडकलेल्या मुलानें पुढच्या आसनावर यावें. दार उघडलें नाहीं तर भोंगा दाबून धरावा. बहुतेक मोटारींत इंजिन बंद असतांही तो वाजतो. फलकावर लाल त्रिकोणाचें बटण असतें, तें दाबलें कीं चारी बाजूंचे दिवे उघडझांप करतात व येणाराजाणारास संकट कळतें. आणि मोठ्या माणसांनीं किल्ली काढण्यापूर्वीं कांचा खालीं घ्याव्या, उतरतांना मागचें आसन डोळ्यांनीं पाहावें, मगच कुलूप लावावें. हा क्रम आमच्याकडे आतां देवघरांतल्या नित्यक्रमाइतका पक्का झाला आहे.

पांचवा धडा हांकणारांचा. बाहुकाच्या रूपांतील नळराजा ऋतुपर्णाचा रथ अयोध्येहून विदर्भांत, कुंडिनपुरास घेऊन येतो, ही महाभारताच्या वनपर्वांतील कथा वाचकांस ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठीं असलेलें कौंडण्यपूर हेंच तें कुंडिनपूर असें मानितात. वाटेंत ऋतुपर्णाचें उत्तरीय उडालें. तो म्हणाला, जरा थांब, तें उचलूं दे. नळ म्हणाला, महाराज, तें आतां योजनभर मागें राहिलें. लहानपणीं या प्रसंगीं आम्हांस नळाच्या कौशल्याचें नवल वाटे. आतां त्याचें गणित दिसतें. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत २२ मीटर पुढें जाते. पडद्यावर एसीचा आंकडा बदलण्यास दोन सेकंद लागले तर ४४ मीटर रस्ता कोणींच न पाहतां मागें पडतो. तेवढ्यांत बंडीचा बैल आडवा येऊं शकतो. म्हणून आरसे, आसन, एसी, गाणीं, रस्त्याचा नकाशा, हें सारें निघण्यापूर्वीं लावून घ्यावें. वाटेंत बदल करावयाचा झाल्यास तो शेजारीं बसलेल्यानें करावा, किंवा थांबून करावा. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींस ताशीं ८० किलोमीटरच्या पुढें थांबून थांबून व १२० च्या पुढें अखंड वाजणारा इशारा सक्तीचा झाला आहे. तो कटकट करतो म्हणून गाणीं मोठीं करणारे महाभाग आमच्या पाहण्यांत आहेत.

शेवटचा धडा पट्ट्याचा. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोंकांचा पट्टा १९५९ सालीं स्वीडनच्या व्होल्वो कंपनींतील नील्स बोलिन या अभियंत्यानें प्रचारांत आणिला. पुढें बसणारे दंडाच्या भीतीनें कां होईना तो लावितात. मागचे मात्र ‘आम्हांस कशाला’ म्हणतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री व त्यांच्याबरोबर मागें बसलेले गृहस्थ मरण पावले. पुढें बसलेलीं दोघें वांचलीं. मागच्या दोघांनीं पट्टे लाविले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. मोटार महागडी होती, पिशव्या फुगविण्याची सर्व सोय होती. परंतु ती पिशवी पट्ट्याच्या सोबतीनें काम करण्यासाठीं योजिलेली असते, त्याच्या ऐवजीं नव्हे. कायद्यानेंही मागच्यांस पट्टा आवश्यक आहे. न लावणारास १००० रुपये दंड आहे. लहान मुलास मांडीवर घेऊन पुढें बसणें हें तर प्रेमाचें सोंग घेतलेलें संकट होय. धक्क्यासरशीं मूल हातांत राहत नाहीं, आणि मोठ्या माणसासाठीं फुगणारी पिशवी त्याच्या तोंडावर आदळते. मुलाची जागा मागें, त्याच्या मापाच्या आसनांत.

सुनांनीं हे धडे आमच्याहून लवकर आत्मसात केले. थोरली सून आतां स्वतः मोटार हांकूं लागली आहे. तिघांचे चौघे झाले. मातोश्रींनीं मोजकेंच लक्षांत ठेविलें: भोंगा कोठें, आणि त्रिकोण कोठें. “एवढें मला पुरे,” त्या म्हणाल्या. “बाकीचें पोरगी पाहील.”

पोरगी पाहतेही. दिव्यांची हजेरी घेण्याचें काम आम्हीं तिच्याकडे सोंपविलें आहे. किल्ली फिरली कीं ती मागून वांकून एकेक दिवा विझतांना मोजते, आणि तिनें ‘झालें’ म्हटल्यावांचून पुतण्या मोटार हलवीत नाहीं. परवां आर्णीस एका मुंजीला निघतांना तिनें मध्येंच सांगितलें, “आजोबा, एक पिवळा राहिला.” चाकांतली हवा उतरली होती. लग्नमुंजीच्या मुहूर्ताची घाई कोणास नसते? जुनें बोल तोंडाशीं आलेच होते, कीं मध्यें बोलूं नये. आम्हीं ते गिळले, खालीं उतरलों आणि चाक पाहिलें. आर्णीस पोंचावयास पाऊण तास उशीर झाला, अक्षता चुकल्या. जेवणास मात्र पोंचलों.